डाव्या कोपऱ्यातला अंगठा

१

बंद पडलेला लॅपटॉप घेऊन कुणी दुकानात शिरलं की फरझाना आधी त्याच्या तोंडाकडे बघायची. मशीनसाठी आलेला माणूस वैतागलेला असतो, आतल्या फायलींसाठी आलेला घाबरलेला असतो. बारा वर्षं ती रोह्यालगतच्या अष्टमी गावात हेच काम करत होती. रोह्याकडून पूल उतरला की डाव्या हाताला निकेशचं झेरॉक्सचं दुकान, त्याला लागून तिचं. एक लांब टेबल, त्यावर भिंग लावलेला दिवा, मागे फळ्यांवर उघडी पडलेली मशीनं. कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की लॅपटॉप टाकून जायची आणि दुसऱ्या दिवशी न्यायची. लग्नाचे फोटो, पगाराच्या स्लिपा, कुणाच्या बापाचे शेवटचे व्हिडिओ, असं काय काय तिनं मेलेल्या मशीनांतून बाहेर काढून दिलं होतं.

त्या सोमवारी आलेली बाई मात्र घाबरलेलीही नव्हती आणि वैतागलेलीही नव्हती. सत्तरीची, बारीक, फिकट जांभळ्या साडीतली. काखेत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. ती दारात उभी राहून आधी सगळं दुकान बघत राहिली.

"तू अहमद मुकादमांची फरझाना ना गो?"

"व्हय. या ना, बसा."

"तुझ्या नथानियल सरांची मी हन्ना. पेणहून आले."

फरझाना हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवून उठलीच. नथानियल सरांनी तिला रोह्याच्या शाळेत तीन वर्षं भूमिती शिकवली होती. निवृत्त झाल्यावर ते पेणला राहायला गेले, आणि गेल्या डिसेंबरात वारले, हे तिला उशिरा कळलं होतं. तेव्हा भेटायला जायचं राहूनच गेलं.

"काकू, मी यायला हवं होतं…"

"आता मीच आले ना," हन्नाकाकू म्हणाल्या आणि टॉवेल सोडायला लागल्या. "पेणमधल्या दोघांनी सांगितलं, टाकून द्या. मग मला आठवलं, हे म्हणायचे, माझी एक पोर अष्टमीत मेलेले कॉम्प्युटर उठवते. तुझी फार फुशारकी मारायचे गो."

लॅपटॉपमध्ये काय हवंय ते त्यांनी सांगितलं. तीन कागदांचे फोटो. त्यांचा केतुबा, म्हणजे ज्यू लोकांच्या सिनेगॉगमध्ये लग्नात होतो तो करार. त्यांच्या वडिलांचा, एझ्रांचा, सिनेगॉगनं दिलेला दाखला. आणि त्यांची स्वतःची जन्माची नोंद. मूळ कागद लाकडी पेटीत होते, ती पेटी वाळवीनं आतून खाऊन टाकली. गावच्या सिनेगॉगच्या जुन्या वहीतलं ते पानसुद्धा कधीच गळून गेलेलं. पण वाळवी लागण्याआधी सरांनी तिन्ही कागदांचे मोबाईलवर फोटो काढून लॅपटॉपात ठेवले होते.

"शीरा बोलावते तिकडं. माझी मुलगी, इस्रायलला असते. चाळिसावं सरलं तिचं, आणि आता पहिलं पोर व्हायचंय. जानेवारीत. नवरा जहाजावर. मी नसले तर कोणी नाय बघ तिच्याजवळ." त्यांनी टॉवेलाची घडी घातली. "मला तिकडं कायमचं राहायचं तर तिकडच्या ऑफिसला हे कागद लागतात. तीन वर्षं मागत होती बापाजवळ. हे म्हणायचे, उद्या पाठवतो. आणि उद्या काय उजाडला नाय."

"मशीन मेलं असेल, पण आतलं जगवू आपण," फरझाना म्हणाली. हे वाक्य ती सगळ्यांनाच म्हणायची. या वेळी मात्र तिनं ते सावकाश म्हटलं.

२

पाठचं झाकण उघडलं तेव्हा कारण समोरच दिसलं. सर गेल्यापासून लॅपटॉप बंद कपाटात पडून होता आणि पावसाळाभर ओल खात होता. मदरबोर्डवर हिरवा गंज चढलेला. तो काही आता उठणार नव्हता. पण हार्ड डिस्क वेगळी असते. दोन स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली, वायर लावून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. जुन्या डिस्कवर थेट काम करायचं नाही, हा तिचा नियम. आधी सगळ्याची जशीच्या तशी नक्कल काढायची आणि मग नकलेत शोधायचं. जागोजागी डिस्क अडकत होती, खरखरत होती. मंगळवारी दुपारी नक्कल पुरी झाली.

'हन्नाचे कागद' नावाचा फोल्डर सापडायला वेळ लागला नाही. आत तीन फोटो.

पहिला उघडला. केतुबा. कडेनं हातानं काढलेली वेलबुट्टी, मधे हिब्रू अक्षरं, खाली नवरानवरीची नावं आणि साक्षीदारांच्या मराठी सह्या. शाई तपकिरी पडलेली, तरी शब्द न् शब्द वाचता येत होता. आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यात, कागद उडू नये म्हणून दाबून धरलेला एक अंगठा.

फरझानाला हसू आलं. तो अंगठा तिच्या ओळखीचा होता. सरांच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. लहानपणी बापाच्या तेलाच्या घाण्यात सापडलेला तो, पुढं नख वाढलं ते दोन फाकांतच. सर वही तपासायला बसले की वरच्या पंख्यानं पानं फडफडायची, आणि सर ती अशीच धरायचे. डाव्या कोपऱ्यात अंगठा. तिच्या भूमितीच्या वहीच्या सगळ्या पानांना तिथं पुसटसा डाग पडलेला असायचा.

बाकीचे दोन फोटोही तसेच. स्वच्छ कागद आणि कोपऱ्यात अंगठा.

तिनं लगेच पेणला फोन लावला. "मिळाले काकू. तिन्ही मिळाले."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हन्नाकाकू म्हणाल्या, "मिळाले म्हणतेस?" त्या आवाजात आनंद होता की आणखी काही, ते फरझानाला तेव्हा नीट कळलं नाही. "मी गुरुवारी येते. शुक्रवारी माझ्यामागं शब्बाथची घाई असते, शनिवारी तर मी गाडीत बसायची नाय."

३

बुधवारी सकाळी शीराला मेल करावी म्हणून तिनं केतुब्याचा फोटो पुन्हा उघडला.

अंगठा कोपऱ्यात नव्हता. तो चांगला चार बोटं आत आला होता आणि एका साक्षीदाराची सही त्याच्याखाली गेली होती.

फरझाना एवढ्या तेवढ्यानं दचकणारी नव्हती. सरांनी एकाच कागदाचे दोनतीन फोटो काढले असतील, काल आपण एक उघडला, आज दुसरा. तिनं फोल्डर पाहिला. फोटो तीनच होते. कालचीच नावं, कालच्याच तारखा. मग वाटलं, डिस्क खराब आहे, वाचताना चूक होत असेल. तेही तिला पटेना. खराब डिस्कवरचा फोटो कसा बिघडतो, हे तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. अर्धा फोटो राखाडी होतो, रंग फाटतात, पट्टे येतात. अंगठा पुढे सरकत नाही.

तिनं फोटो मिटला, चहा मागवला, एका पोराचा कीबोर्ड बदलून दिला. दुपारी पुन्हा उघडला.

आता अंगठ्यामागून दोन बोटं आली होती. बोटांच्या पेरांवरचे पांढरे केस दिसत होते. बोटं कागदावर सपाट टेकलेली होती, घाईत ठेवलेली नव्हती. एखादा माणूस टेबलाशी बसून समोरच्या कागदावर सहज हात ठेवतो तसा तो हात होता. नवरीचं नाव अजून मोकळं होतं. 'हन्ना एझ्रा'. मधलं बोट त्या नावापासून एका अक्षराइतकं दूर.

फरझाना फाईलचा आकार बघत बसली. काल कागदावर टिपून ठेवला होता, तोच होता. एका आकड्याचाही फरक नव्हता.

४

ऊन कललं तेव्हा तो आवाज तिच्या लक्षात आला. कदाचित सकाळपासूनच येत असेल. कागदावरून तळहात फिरवावा, सुरकुती काढावी, तसा. सूंऽ… आणि थांबला. पुन्हा सूंऽ. पंख्याचा असेल म्हणून तिनं पंखा बंद केला. आवाज चालूच. फळीवरच्या प्लास्टिकच्या पिशव्या बाजूला केल्या. मग तिनं सरांच्या डिस्कची वायर काढली. ती काही फिरत नव्हती, तिच्यात वीजच नव्हती. तरी फरझाना वाकली आणि तिनं कान जवळ नेला.

तिथूनच येत होता.

भीती वाटली का? वाटली. पण अनोळखी माणसाची वाटते तशी नव्हती. गृहपाठ न करता वर्गात बसावं आणि सर एकेका बाकाशी थांबत आपल्याकडे येत असावेत, तशी ती भीती होती. आणि छत्तीस वर्षांची ती बाई नकळत शाळेतल्या आवाजात बोलून गेली,

"सर, हात काढा ना. काकूंना कागद हवेत."

आवाज थांबला. मग दुकान इतकं गप्प झालं, की शेजारच्या निकेशच्या मशीनची घरघर भिंतीतून ऐकू यायला लागली. त्या घरघरीनं तिला जरा धीर आला. तिनं तीनही फोटो पेन ड्राइव्हवर घेतले आणि ती निकेशकडे गेली. दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी हे बघायला हवं होतं.

"पहिल्याचा प्रिंट काढ ना रे."

निकेशनं काढला आणि हातात धरून नाक मुरडलं. "कोणी काढलाय गो फोटो? सगळा पंजाच मधे ठेवलाय. नाव पण दिसत नाय. पुन्हा काढायला सांग."

फरझानानं कागद घेतला. पुरा तळहात. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा गोरा डाग. हन्ना हे नाव त्याच्याखाली गेलेलं.

प्रिंट गरम होता. मशीनमधून आत्ताच निघालेला, गरम असणारच. तिनं तो आपल्या टेबलावर पालथा ठेवला आणि कामाला लागली. सहा वाजता आवरताना उचलला तेव्हाही तो गरम होता. सगळा नव्हे, मधेच, हाताएवढी जागा. ती ऊब मशीनची नव्हती. थंडीच्या दिवसांत कुणी आपल्या पाठीवर हात ठेवून मग काढून घ्यावा, तेव्हा मागं राहते तेवढीच ती ऊब होती.

घरी अब्बांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी नाय काय. ती म्हणाली, "डोकं चढलंय." भाकरी अर्धीच खाऊन ती उठली.

५

गुरुवारी हन्नाकाकू साडेअकराला आल्या. डब्यात नारळाच्या दुधातला, गव्हाच्या चिकाचा गोड हलवा घेऊन आल्या होत्या. फरझानानं रात्रभर ठरवून ठेवलं होतं की सांगायचं, फायली खराब निघाल्या, माफ करा. पण डबा हातात आल्यावर तिला खोटं बोलता येईना.

"काकू, कागद हायत. पण… तुम्हीच बघा."

तिनं खुर्ची सरकवून दिली आणि फोटो उघडला. कालपेक्षाही हात आता मोठा वाटत होता. बोटं पसरलेली. केतुब्याची वेलबुट्टीची कड तेवढी चारी बाजूंनी दिसत होती.

फरझाना फोटोकडे बघत नव्हती, काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो पांढरा पडेल, त्या उठतील, आपल्याला पाणी आणावं लागेल, असं तिला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. काकूंनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू वेगळंच काहीतरी उमटलं. लेकरू खोडी करताना सापडलं की आईच्या तोंडावर येतं तसं.

"आधी एवढा नव्हता ना?" त्यांनी विचारलं.

"नाय. मंगळवारी नुसता अंगठा होता. कोपऱ्यात." फरझानानं स्क्रीनचा कोपरा दाखवला. "काकू, मला नाय समजत. मी सगळं करून बघितलं."

"तुला नाय समजायचं. मला समजतं." काकूंनी हाताची घडी घातली. "लग्नाच्या पहिल्या वर्षी पपा मला माहेरी न्यायला आले. ट्रंक भरून ओटीवर ठेवलेली. यांनी नको म्हटलं नाय. थांब म्हटलं नाय. वह्यांचा गठ्ठा घेऊन आले, ट्रंकेजवळ खाली बसले, डावा हात ट्रंकेवर ठेवला आणि लागले तपासायला. पपा बोलतायत, चहा झाला, हे मान वर करत नाय. त्या हाताखालून ट्रंक ओढायची कोणी? एसटी गेली निघून. दुसऱ्या दिवशीची पण गेली." त्या हसल्या. "तिसऱ्या दिवशी मीच पपांना म्हटलं, तुम्ही जा."

"ते बोलले का नाहीत?"

"कधीच नाय बोलले गो. अठ्ठेचाळीस वर्षं. जे बोलायचं ते हातानं. मी रागावले की पाठीवर हात. ताप आला की कपाळावर. शेवटी हॉस्पिटलात नळ्या लावल्या होत्या, तेव्हा पण हात चादरीवरून माझ्याकडं यायचा हळूहळू. सरकत सरकत." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. "असाच."

रस्त्यावरून एक टेम्पो भोंगा वाजवत पुलाकडं गेला. 

"तू मला फोनवर 'मिळाले' म्हणालीस ना," काकू म्हणाल्या, "तेव्हा मी खालीच बसले. खरं सांगू? मला वाटत होतं, मिळू नयेत. शीराला सांगता आलं असतं, कागदच नायत, मी काय करू. पेणला यांची कबर हाय. दर शुक्रवारी जाते मी. गवत उपटते, बसते. ती सोडून जायचं म्हणजे…" त्यांनी डोळे टिपले. "म्हणून म्हणते, हा हात त्यांचा एकट्याचा नाय हो. माझा पण असेल."

६

मग त्या फरझानाकडे वळल्या. "जरा बोलू का मी त्यांच्याशी?"

फरझानानं मान हलवली आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. नवराबायकोच्या मधे थांबायचं तिला बरं वाटेना. तिनं रस्त्याकडे तोंड केलं. पण दुकान केवढंसं, शब्द कानावर येतच होते.

"अहो," हन्नाकाकू म्हणाल्या.

फरझाना दाराच्या चौकटीला टेकली.

"अहो, ऐकताय ना? मी तुम्हाला टाकून जात नाय. तुम्हाला तसं वाटलं ना? ती कागद मागायची, तुम्ही उद्या म्हणायचात, आणि मी पण कधी म्हटलं नाय, चला, आपण दोघं जाऊ. मला वाटायचं तुम्ही नाय म्हणाल. तुम्हाला वाटायचं मी एकटीच जाईन. दोघं आपले मुके." त्यांचा आवाज खाली आला. "पोरीला पोर होणार हो. ती एकटी हाय. तिला पाठीवर हात लागणार. तुमचा नाय, तर माझा तरी."

फरझानानं ओठ घट्ट मिटले. समोर पुलावरून माणसं जात-येत होती, कुणी भाजी घेऊन, कुणी मोबाईलवर बोलत. सगळं रोजचंच.

"तर आता म्हणते," मागून काकूंचा आवाज आला, "चला. त्या दगडाखाली बसून काय करायचंय? माझ्याबरोबर चला. पण हा हात काढा आता. ट्रंक उचलू द्या मला."

आणि तो आवाज पुन्हा आला. सूंऽ. कागदावरून हात ओढून घ्यावा तसा. या वेळी तो मधेच थांबला नाही, शेवटापर्यंत गेला. त्यानंतर खुर्ची किंचित करकरली. काकू बसल्या होत्या ती नव्हे. त्यांच्या शेजारची, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली.

फरझानाच्या मानेवर काटा उभा राहिला. मागं वळून बघावं असं तिला फार वाटलं. ती वळली नाही. पुढं ती म्हणायची, की तेवढी एक गोष्ट तरी आपण नीट केली.

७

"ये गो," काकूंनी हाक मारली तेव्हा ती आत आली. शेजारची खुर्ची रिकामी होती.

स्क्रीनवर केतुबा होता. स्वच्छ. हन्ना एझ्रा हे नाव, साक्षीदारांच्या सह्या, वेलबुट्टी, सगळं. एकही अक्षर झाकलेलं नव्हतं. फरझानानं घाईनं बाकीचे दोन उघडले. तेही स्वच्छ. तिनं लगेच तिन्ही कागद शीराला मेल केले, वर फोन करून सांगितलं. पाच मिनिटांत शीराचा मेसेज आला, सगळं नीट वाचता येतंय, आईला सांगा मी रडतेय.

फरझानानं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि वळून पाहिलं, तर काकू अजून स्क्रीनकडेच बघत होत्या. त्यांचं बोट कागदाच्या डाव्या कोपऱ्यावर होतं.

"अंगठा गेला," त्या म्हणाल्या.

खरंच गेला होता. पहिल्यापासून होता तोही. तिन्ही फोटोंच्या डाव्या कोपऱ्यात आता नुसता पिवळट कागद होता. फरझानानं डिस्कवरची मूळ फाईल पाहिली, काढलेली नक्कल पाहिली, पेन ड्राइव्ह पाहिला. टेबलावरचा प्रिंट उलटून पाहिला. तो गार होता आणि त्यावर हात नव्हता.

"तेवढा तरी ठेवायचा ना हो," काकू पुटपुटल्या. "मी काय सगळंच काढा म्हटलं होतं?" आणि मग त्या रडल्या. आल्यापासून पहिल्यांदाच. फरझाना त्यांच्या खुर्चीशी उकिडवी बसली, आणि काय करावं ते न कळून तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्याजवळ उपाय नव्हता. पुसल्या गेलेल्या फायली ती परत आणत आली होती. पण जे स्वतःहून उठून गेलं, ते कुठं शोधायचं?

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. कागद ऑफिसात चालले. डिसेंबरच्या शेवटी हन्नाकाकू इस्रायलला गेल्या, आणि शीराच्या बाळंतपणाला वेळेवर पोचल्या. मुलगी झाली. फरझाना हे सगळं सांगते, पण तेवढ्यावर थांबत नाही. तिला सांगायची असते ती त्याच गुरुवारची दुपार.

८

काकूंना एकटं सोडवेना, म्हणून तिनं दुकान निकेशच्या भरवशावर टाकलं आणि ती त्यांना पेणपर्यंत पोचवायला निघाली. दिवा जंक्शनला जाणारी गाडी रोह्याहून सुटते तेव्हा डब्यात माणसं मोजकीच असतात. काकू खिडकीशी बसल्या. फरझाना शेजारी बसायला गेली आणि का कोण जाणे, समोरच्या बाकावर बसली. काकूंच्या शेजारची जागा मोकळी राहिली.

निडी गेलं, नागोठणं गेलं. भात पिकलेलं, काही शेतांत कापणी सुरू झालेली. काकू बाहेर बघत होत्या. त्यांचा उजवा हात बाकावर, रिकाम्या जागेत, पालथा पडला होता. म्हाताऱ्या माणसाचा हात, सैल कातडी, वर निळ्या शिरा.

फरझाना सहज बघत होती. आधी तिला वाटलं, गाडीच्या हादऱ्यानं असेल.

काकूंच्या मनगटाजवळची कातडी खाली दबली होती. दाबून धरल्यावर रक्त सरकून जागा पांढरी पडते, तशी अंगठ्याएवढी पांढरी जागा. तिच्या मधोमध एक बारीक उभी रेघ. ती जागा हलली. हातावरून बोटांकडं गेली, सावकाश, आणि तिच्या मागं दबलेल्या शिरा पुन्हा निळ्या होत गेल्या. मग काकूंची बोटं आपोआप किंचित फाकली, मधे कुणाची तरी बोटं घ्यावीत तशी, आणि मिटली.

काकूंनी मान वळवली नाही. पण त्यांचे खांदे खाली आले. दिवसभर उचललेलं ओझं कुणीतरी एका बाजूनं धरावं तसे. फरझानानं डोळे मिटले, उघडले. ते तसंच होतं. तिच्या डोक्यातलं बारा वर्षांचं शहाणपण काहीतरी म्हणायला लागलं, थकवा, जागरण, खिडकीतलं ऊन. तिनं ते ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

कासूला गाडी थांबली तेव्हा आठदहा माणसं चढली. त्यांत एक बाई होती, डोक्यावर सुक्या जवळ्याची पाटी, घामाघूम. तिनं पाटी खाली उतरवली, इकडेतिकडे बघितलं आणि काकूंच्या शेजारच्या जागेकडे वळली. काकू दचकल्या. त्यांनी हात घट्ट केला.

"कोण बसलाय काय गो हितं?" बाईनं विचारलं.

"व्हय, बसलेत," फरझाना म्हणाली. ती उठून उभी राहिली. "तू इथं बस. माझ्या जागेवर."

पेण येईपर्यंत ती दांडी धरून उभीच राहिली.